पायाचं माप

शनिवार

माणूस जरा वेड्यासारखा वागला की आमच्या नगरकडे म्हणतात, ‘याला येरवड्याला न्या.’ मुंबईकडे हेच वाक्य ठाण्याच्या नावानं बोलतात, कारण ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, मिशन सहल ठाण्याला जाणार हे उपासनेनंतर जाहीर झालं, तेव्हा मागच्या बाकावरून विनोद आलाच. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे. पण जिभेला नगरचीच सवय, तर इथेही तेच राहू दे.)

गाडी आळेफाटा, ओतूर करत माळशेजला आली. पावसाळ्यात जिथे धबधब्याखाली उभं राहायला झुंबड उडते, तो घाट मेमध्ये नुसता करपलेला असतो. खाली उतरून मुरबाड गाठलं की हवा अंगाला चिकटते. कल्याण येईपर्यंत आम्हा घाटावरच्यांचे रुमाल पिळण्याजोगे झाले होते.

बरोबर पाळकसाहेब, तरुण संघाची मुलं पेटी-ढोलकीसकट, शब्बाथशाळेच्या शिक्षिका, मी आणि नर्समावशी. मी बँकेत कारकून आहे. प्रवचन मला जमत नाही आणि गळाही बेताचा, त्यामुळे मला हिशेबाची वही दिली होती. नर्समावशी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांची उमेदीची वर्षं मिरजेला कुष्ठरुग्णांत गेली. मुलांच्या सामानात धर्मप्रचाराच्या पत्रिकांचा गठ्ठा आणि भजनाची पुस्तकं, तर मावशींच्या सामानात प्लास्टिकची घमेली, व्हॅसलीन, पट्ट्यांची बंडलं आणि पाय घासायच्या वजऱ्या. ड्रायव्हरनं घमेली टपावर टाकायला सांगितली. मावशींनी ती मांडीवर घेतली.

मुरबाडच्या पुढे ढोलकीवाल्यानं शेवटी विचारलंच, “मावशी, लागण नाही ना होणार?” मावशींनी त्याला रागावलं नाही. कुष्ठरोगाचा जंतू हान्सेननं नॉर्वेत १८७३ साली शोधला, बहुतेक माणसांच्या अंगात त्याला पुरून उरायची ताकद उपजतच असते, १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं दोन-तीन औषधं एकत्र द्यायचा उपचार सुचवला आणि तो सुरू झाला की रुग्णापासून लागण व्हायची भीती थोड्याच काळात संपते, हे सगळं त्यांनी त्याला सावकाश सांगितलं. ठाण्याच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीतली म्हातारी माणसं तर कधीचीच बरी झालेली आहेत. “रोग गेला, पण मेलेल्या शिरा परत येत नाहीत. आपण जातोय ते त्या शिरांपायी.”

ढोलकीवाल्यानं मान डोलावली आणि खिशातली सॅनिटायझरची बाटली चाचपली.

रविवार

यजमान मंडळीची उपासना छान झाली. नंतर एका वयस्क गृहस्थांनी आम्हाला ठाण्याचा इतिहास ऐकवला. १३२१ साली इथे चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले, वास्को द गामा यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी. आम्हा नगरकरांना ख्रिस्ती इतिहास म्हणजे १८३१, अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं ते साल, असंच वाटत असतं. गृहस्थांनी आमची ती ऐट दहा मिनिटांत उतरवली.

मध्यस्थीच्या प्रार्थनेत नेहमीप्रमाणे दीनदुबळे, आजारी, विधवा, अनाथ एका श्वासात आले, मग राज्यकर्ते, मग पाऊस. मीही डोळे मिटून ‘आमेन’ म्हटलं. अशा प्रार्थनेत प्रेम करणं सोपं असतं, कारण तिथे कुणी उलटून बोलत नाही.

संध्याकाळी तलावपाळीवर भेळ. मुलांना होडीत बसायचं होतं, बसली.

सोमवार

वसाहत ठाण्याच्या पूर्वेकडे आहे, इतकंच सांगते. नाव देत नाही, कारण तिथली नातवंडं नोकरीच्या अर्जावर दुसरा पत्ता घालतात. एक कमान, आत मारुतीचं देऊळ, पत्र्याच्या आणि विटांच्या खोल्यांच्या ओळी, प्रत्येक छपरावर डिश. यजमानांच्या कार्यकर्त्यानं आधीच बजावलं होतं की मोबाइल खिशात राहतील.

नळावर एक म्हातारी बादली भरत होती. सगळे तिला अक्का म्हणतात. मूळची सोलापूरकडची, तेलुगू घरातली. आमचा घोळका पाहून तिनं विचारलं, “काय हो, तुम्ही केळीवाले का ब्लँकेटवाले?”

इथे येणाऱ्या मंडळींची अशीच वर्गवारी आहे. वाढदिवसाला येणारे केळीवाले, डिसेंबरात येणारे ब्लँकेटवाले, निवडणुकीच्या आधी येणारे साडीवाले. पाळकसाहेब काही बोलायच्या आत मावशी म्हणाल्या, “आम्ही पायवाले.” अक्का मोठ्यानं हसली आणि तिनं आम्हाला सावलीतला ओटा दाखवला.

मावशींनी घमेली मांडली, नळाचं साधं पाणी ओतलं. गरम पाणी अजिबात नाही, कारण पायाला चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच समजतं. पाय वीसेक मिनिटं भिजवायचे, घट्टा मऊ झाला की वजरीनं हलक्या हातानं खरवडायचा आणि कातडी ओली असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावायचं, म्हणजे ओल आत टिकते. शिरा मेल्यामुळे या पायांना घामच येत नाही. कातडी वाळते, भेगा पडतात, भेगेत माती जाते. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत पोचते. मावशी हे सांगताना एकीकडे एका आजोबांचा पाय वळवून खालून बघत होत्या. “बोलत बसू नका, घ्या एकेक.”

मी घेतला तो अक्काचाच. बोटं आखडून गेलेली, टाच दगडासारखी आणि अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढी जुनी जखम, कडा पांढऱ्या. मी फार अलगद हाताळत होते. अक्कानं मिनिटभर पाहिलं आणि म्हणाली, “बाई, मला काय कळत नाही तिथं. जोर लाव. टीव्हीवर माझी मालिका लागंल.” मग स्वतःच ब्लाउजमधून छोटा आरसा काढून तळव्याखाली धरला आणि कुठे राहिलंय ते मला दाखवू लागली. रोज रात्री ती याच आरशात आधी डोळे बघते, मग तळवे. जे दुखून कळत नाही ते बघून कळून घ्यायचं. हे तिला कुठल्याशा दवाखान्यातल्या बाईंनी तरुणपणी शिकवलं होतं आणि ते तिनं आजवर मोडलेलं नाही.

पाय झाल्यावर चहा आला. स्टीलचे पेले, आणि अक्काच्या पेल्यावर जुन्या मोज्याचा कापलेला तुकडा चढवलेला, चटका बसू नये म्हणून. आम्हाला दिलेल्या पेल्यांना तसं काही नव्हतं. आमचा घोळका क्षणभर थबकला. कुणी ‘नको’ म्हणालं नाही, पण कुणी हातही पुढे केला नाही.

मला तेव्हा पणजोबा आठवले. ते गावाच्या वेशीबाहेर राहायचे. नगर जिल्ह्यातल्या आम्हा बहुतेक ख्रिस्ती घरांची कथा तीच आहे, महारवाड्यातून नाहीतर मांगवाड्यातून मंडळीत आलेली. एका मिशनरी मडमेनं पणजोबांच्या हातचं पाणी घेतलं, ही गोष्ट आमच्या घरात चार पिढ्या सांगतात. कुठल्या भांड्यात, किती घोट, पदरानं तोंड पुसलं की रुमालानं, इतक्या तपशिलानं. मडमेनं त्या दिवशी काय उपदेश केला ते कुणालाही आठवत नाही.

मी चहा घेतला. साखर जास्त होती. ढोलकीवाल्यानं दोन पेले प्यायले, हे मुद्दाम नोंदवते.

मंगळवार

आज मुलांनी भजनं म्हटली. लहान पोरं जमली, टाळ्या पडल्या. ओट्याच्या कडेला पत्ते खेळत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मात्र मान वर न करता सुनावलं, “आवाज कमी करा रे. डाव चाललाय.”

हे अण्णा. वसाहतीत अण्णा म्हटलं की लोक कपाळाला हात लावतात. पत्त्यांत फसवतात, उधारी बुडवतात आणि नळावर नंबर लावून निघून जातात. इथे कसे आले हे त्यांनी मला आठवडाभरात तीन तऱ्हांनी सांगितलं. एकदा गुलबर्ग्याहून मामानं गाडीत बसवून दिलं, एकदा स्वतःच पळाले, एकदा सिनेमात काम करायला मुंबईला निघाले होते आणि ठाण्याला झोप लागली. खरं कुठलं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मावशींनी त्यांचा पाय माझ्याकडे दिला. मला तो माणूस पहिल्या पाच मिनिटांत नकोसा झाला. पाणी गार आहे, वजरी बोथट आहे, तू बँकेतली म्हणतेस मग हात इतके मऊ कसे, यांव न् त्यांव. मध्येच म्हणाले, “येशूचं नंतर सांगा. आधी माझ्या पेन्शनीचं बघा.”

पेन्शन म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचे पैसे. ते खात्यात येत होते, निघत नव्हते. अण्णांच्या हाताला बोटांची नुसती पेरं उरली आहेत, त्यामुळे यंत्रावर ठसा उमटत नाही. उजव्या डोळ्यावर पांढरा पडदा, डाव्याची पापणी पुरती मिटत नाही, म्हणून बुबुळाचंही यंत्र नकार देतं. आधार काढताना अशा माणसांसाठी अपवादाची सोय असते, तशी त्यांचीही झाली होती. अडलं होतं ते पुढे, शाखेच्या खिडकीवर. ‘अंगठा लागत नाही, नंतर या’, असं ऐकून ऐकून त्यांनी जाणंच सोडलं. व्यवहार नाही म्हणून खातं निष्क्रिय झालं. पासबुक त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा गादीखाली ठेवला होता.

इतकी वर्षं काउंटरच्या अलीकडे बसून मीही ‘नंतर या’ ऐकत आले आहे, शेजारच्या खिडकीवरून. त्यामुळे चीड आली ती ओळखीची होती. अण्णांबद्दल अजूनही काही वाटत नव्हतं. पण ते पासबुक हातात आल्यावर मला एकदम बरं वाटलं, कारण पेटी न वाजवता करण्याजोगं काम सापडलं होतं.

जाता जाता अक्काची गोष्ट. लग्नानंतर पाठीवर चट्टा दिसला आणि नवऱ्यानं सोडलं. मी शहाणपणानं सांगितलं की कुष्ठरोग हे आपल्याकडे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं, ते २०१९ मध्ये कायद्यातून काढलं. कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवण्याचा १८९८ चा कायदाही २०१६ मध्ये रद्द झाला. अक्का म्हणाली, “कोर्टात कोण गेलंय, बाई? मला स्टेशनावर सोडलं.”

तिच्या भिंतीवर यल्लम्मा आहे, शेजारी येशू आहे, मध्ये नातवाचा दहावीचा फोटो. पाळकसाहेबांनी नातवाच्या नोकरीसाठी प्रार्थना केली आणि भिंतीबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला ते फार आवडलं.

बुधवार

सकाळी येऊरच्या एका पाड्यावर मुलांचा कार्यक्रम झाला. कागदी टोप्या, गाणी, खाऊ. डोंगराखाली चाळीस मजली इमारती दिसतात आणि वर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात, याच्यावर मी लिहिण्याजोगं नवीन काही नाही. कार्यक्रम आम्हाला जमला. पण दोन तासांत कुणाचं नावही नीट कळलं नाही.

परतताना तीन हात नाक्याच्या पुलाखाली थांबलो. सिग्नलवर गजरे आणि फुगे विकणाऱ्या मुलांसाठी तिथे २०१६ पासून सिग्नल शाळा चालते, कंटेनरमध्ये वर्ग भरवून. मराठवाड्याच्या दुष्काळातून आलेली पारधी कुटुंबं त्या पुलाखाली संसार मांडून होती. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांपर्यंत नेली. ती चालवणारी माणसं आमच्या मंडळीतली नाहीत, आमच्या विचारांचीही नसावीत. आमच्याकडे कुष्ठसेवेचा विषय निघाला की १८७४ सालचं लेप्रसी मिशन अभिमानानं सांगतात. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरला आणि पुढे बाबा आमट्यांनी आनंदवनात जे केलं ते सांगताना मात्र जीभ जरा अडखळते. पुलाखाली उभं राहून पाळकसाहेबांनी त्या शाळेसाठी मोठ्यानं आणि नाव घेऊन प्रार्थना केली. दुचाकीवरचे लोक वळून बघत होते.

गुरुवार

ठाण्याहून वाशीची लोकल पकडली. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत तुर्भे. स्टेशनाबाहेर कंपन्यांच्या भिंती, ट्रकांच्या रांगा, आणि पलीकडे डोंगराच्या अंगावर चढत गेलेल्या वस्त्या. तिथल्या एका घरात गुरुवारी प्रार्थना भरते. खोली दहा बाय बाराची. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या, आपल्याकडे बसतात तशाच. आणि उंबऱ्यावर, ना या बाजूला ना त्या, एक तृतीयपंथी ताई. उंच, हिरवी साडी, डोक्यावर पदर. घरमालकीण बाई म्हणाल्या, “या आत.” ताई म्हणाल्या, “इथं वारा लागतो.”

वारा अजिबात नव्हता.

भजन सुरू झालं तेव्हा त्या घरातला सगळ्यात खणखणीत आवाज उंबऱ्यावरून येत होता. पेटीवाल्यानं सूर बदलून त्यांच्या पट्टीत घेतला. मुलांच्या चेहऱ्यावरचं आधीचं कसनुसं हसू तिथे गेलं. गाणाऱ्याला गाणारा कळतो, त्याला वेगळं प्रवचन लागत नाही.

नंतर सरबत पिताना मी त्यांच्या शेजारी उंबऱ्यावरच बसले. सकाळी वाशीच्या सिग्नलला मंगती करतात, दुपारी गुरूच्या घरी स्वयंपाक. ओळखपत्र काढलंय, ते पिशवीतून दाखवलं. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं तृतीयपंथी म्हणून स्वतःची ओळख सांगायचा हक्क मान्य केला, हे त्यांना तारखेसकट पाठ होतं, १५ एप्रिल. सिग्नलवरची एक गोष्ट त्यांनी सहज सांगितली. काचा खाली घेणारे लोक नाणं हातात ठेवत नाहीत, वरून सोडतात. “मी मुद्दाम हात वर नेते. तेवढ्यात ते आणखी वर नेतात.” असं म्हणून त्यांनी हात वर वर नेऊन दाखवला आणि आम्ही दोघी हसलो. अक्काही भीक मागायची तेव्हा डबा वापरायची. तिच्याही डब्यात नाणं वरूनच पडायचं.

मग त्यांनी पाळकसाहेबांना सरळ विचारलं, “मला बाप्तिस्मा मिळेल का? आणि कुठल्या नावानं?”

पाळकसाहेब गप्प राहिले. ताईंनीच आठवण दिली, “कृत्ये, आठवा अध्याय.” प्रेषितांच्या कृत्यांमधली ती गोष्ट: रथात बसून यशया वाचणारा कूशी षंढ, वाटेत भेटलेला फिलिप्प, पाणी दिसताच त्यानं विचारलेला प्रश्न की मला कशाची आडकाठी आहे? फिलिप्पानं कुठल्या समितीला विचारलेलं नाही. दोघं पाण्यात उतरले.

पाळकसाहेब म्हणाले, “विचारून सांगतो.”

मी त्यांना लहानपणापासून ओळखते, त्यांच्याविषयी मला आदर आहे. भिंतीवरच्या यल्लम्मापुढे ते ज्या मोकळेपणानं उभे राहिले तो मोकळेपणा इथे कुठे गेला, ते मला कळलं नाही. परतीच्या लोकलमध्ये मी त्यांना तसं विचारलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मंडळी फुटेल गं.” शक्य आहे. पण ताई अजून उंबऱ्यावर आहेत, आणि उत्तराची वाट बघायला त्यांना तारीख दिलेली नाही.

शुक्रवार

आजचा दिवस अण्णांचा. रिक्षात बसताना पहिला वाद, धुतलेला सदरा घालायचा की नाही यावर. शाखेच्या दारात सुरक्षारक्षकानं त्यांना अडवलं. मी माझं ओळखपत्र दाखवलं, आम्ही आत गेलो. शाखा कुठली ते लिहीत नाही. आमच्या शाखेतही दारावर असंच घडलं असतं.

खिडकीवरचा मुलगा तरुण होता, उद्धट नव्हता. त्यानं यंत्र पुढे केलं, अण्णांनी मूठ ठेवली, यंत्रानं लाल दिवा दाखवला. “काका, अंगठा लागत नाही.” मी म्हटलं, “हाताचा नाही लागत. पायाचा घ्या.”

त्याला वाटलं मी चेष्टा करते. पण रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये हे आहे. वृद्ध, आजारी किंवा अपंग खातेदाराच्या हाताचा ठसा घेता येत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा घ्यावा, बँकेला माहीत असलेल्या दोन साक्षीदारांनी ओळख पटवावी, आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. आम्हा कारकुनांना प्रशिक्षणात हे शिकवतात आणि आम्ही विसरतो, कारण कुणी पाय घेऊन येत नाही. मॅनेजरबाईंनी परिपत्रक शोधलं, चष्मा लावून वाचलं आणि स्वतः उठून बाहेर आल्या. दुसरा साक्षीदार म्हणून वसाहतीजवळचा किराणा दुकानदार आला. त्याचं खातं तिथेच, आणि अण्णांची उधारी त्याच्याकडे. त्यामुळे तो धावतच आला.

अण्णा बाकावर बसले. मंगळवारी मी ज्याला नाकं मुरडत हात लावला तोच डावा पाय आता मी गुडघ्यावर घेतला. अंगठा शाबूत होता आणि तीन-चार दिवसांच्या तेलानं कातडी मऊ झाली होती. नाहीतर भेगांमुळे ठसा नीट आला नसता. शाईच्या पॅडवर टेकवला, मग कागदावर. ठसा मोठा, काळा, सुरेख उमटला. तोवर सगळी शाखा बघत होती. अण्णा मोठ्यानं म्हणाले, “बघा, सरकारला माझ्या पायाला हात लावावा लागला.”

खातं त्याच वेळी सुरू झालं नाही. केवायसीचे कागद घेतले, पोच दिली आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाल्या. पोच मी अण्णांच्या डब्यात ठेवली आणि एक फोटोप्रत स्वतःकडे. बाहेर आल्यावर त्यांनी मला आभार वगैरे म्हटलं नाही. शाई पुसली नाहीस नीट, म्हणाले. मी फुटपाथवर बसून रुमालानं पुसली. दुकानदार उधारीचा विषय काढत होता, अण्णा त्याला सिनेमावाली गोष्ट सांगत होते, आणि मला हा खोटारडा, कटकट्या म्हातारा इतका आवडू लागला होता की दुकानदाराशी मीच भांडले.

दुपारी अक्काकडे जेवण होतं. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि आमच्या पोरांसाठी मुद्दाम आणलेली अंडी. भाकरी अक्का मुठीच्या कडेनं थापते. अगदी गोल येते.

संध्याकाळी मावशींनी मापं घ्यायला बसवलं. बधिर पायाला बाजारातली चप्पल चालत नाही. आत मऊ रबर, बाहेर चिवट तळ, मागे पट्टा, आणि खिळा कुठेही नको, कारण खिळा टोचला तरी कळणार नाही. वसाहतीत अशा चपला पूर्वी मिळालेल्या होत्या, बहुतेकांच्या झिजून गेलेल्या. जुन्या वर्तमानपत्रावर एकेक जण पाय ठेवायचा आणि ढोलकीवाला पेन्सिल फिरवायचा. पेन्सिल बोटांच्या जागी आली की तो हळू व्हायचा, कारण तिथे कुठली रेघ कुठे वळेल याचा नेम नाही. प्रत्येक कागदावर त्यानं नाव लिहिलं, डावा-उजवा लिहिलं, जखम कुठे आहे तिथे फुली केली. अण्णांनी तिसऱ्या वेळी माप बदलून मागितलं. चौथ्यांदा त्यानंच त्यांना दम दिला, “अण्णा, हलायचं नाही आता.” सॅनिटायझरची बाटली ओट्यावर तशीच पडली होती. ती अक्काच्या नातवानं नेली.

शनिवार, आणि नंतर

परतीचा प्रवास नेहमीसारखाच, माळशेजला कणसं. पत्रिकांचा गठ्ठा जवळजवळ तसाच परत आला. त्याच्यावर मापांचे कागद सुतळीनं बांधले होते.

पुढच्या रविवारी मंडळीच्या पंचांपुढे अहवाल ठेवायचा होता. हिशेब माझ्याकडे, म्हणून मीच उभी राहिले. एका ज्येष्ठ पंचांनी विचारलं, “किती आत्मे मिळाले?” मी म्हटलं, “मापं मिळाली आहेत,” आणि कागद टेबलावर उलगडले. टेबल पुरलं नाही, काही खाली अंथरावे लागले. कोषाध्यक्ष म्हणाले की या वर्षी मिशनच्या खात्यातली रक्कम छपाईसाठी राखीव आहे. नर्समावशी म्हणाल्या, छापलेलं पडून आहे, ते आधी वाटा. पाळकसाहेबांनी दुसरा एक विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेवर घ्यायला लावला, ‘बाप्तिस्म्यासंबंधी विचारणा, तुर्भे’, इतकंच लिहून. कुणाची, ते कुणी विचारलं नाही. विचारतील.

मधल्या काळात अण्णांचा फोन आला. खातं सुरू झालं, पैसे निघाले, दुकानदाराला निम्मेच दिले. चप्पल कधी येणार, आणि पट्टा तपकिरी हवा, काळा नको.

छपाईचे पैसे चपलांकडे वळवण्याचा ठराव जूनच्या सभेत येईल. पंचांपैकी कोण कुठे उभा राहील याची यादी मी वहीत मागच्या पानावर केली आहे. दोन मतं कमी पडतात. त्यातल्या एकाच्या आईला मधुमेहानं पायाला जखम झाली आहे. मावशी उद्या घमेलं घेऊन त्यांच्याकडे जाणार आहेत.